प्रूफवरचं ‘ठीक’

वर्गमूळाचं चिन्ह मी कॉम्प्युटरवर रेघा जोडून काढायचो. आधी छोटी तिरकी, मग मोठी तिरकी, मग वरची आडवी. खालची संख्या वाढली की आडवी पुन्हा ओढायची. आमच्या डीटीपीच्या दुकानात गणिताचे पेपर माझ्याकडेच यायचे, आणि मला त्याचा माज होता. ते दुष्काळाचे दिवस. शेतात काही राहिलं नव्हतं, म्हणून कन्नड तालुक्याकडची माणसं पोरांना शहरात क्लासला धाडत होती. गल्लीत नव्या क्लासच्या पाट्या लागत होत्या, तसं आमचं काम वाढत होतं.

मालकांनी माझ्या हाताखाली एक मुलगी ठेवली. फुलंब्रीहून एसटीनं यायची, जाताना दुकानातल्या जारमधून दोन बाटल्या पाणी भरून न्यायची. तिनं इंटरनेटवरून एक मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ती एक ओळ टाइप करायची आणि शेजारी आख्खं समीकरण उभं राहायचं, वर्गमूळ आपोआप हवं तेवढं लांब. मग त्याचं चित्र एक्सपोर्ट करून पेपरात ठेवायची. माझं दिवसाचं काम ती जेवायच्या आत उरकायची.

“दादा, शिकवू का? लई सोपंय.”

“फुकटचं मी वापरत नाय.”

“मग जारचं पाणी कसं पिता?”

मालक खो-खो हसले. ते हसणं मला आजही ऐकू येतं.

पुढच्या आठवड्यात तिनं लावलेल्या एका क्लासच्या सराव परीक्षेचं प्रूफ मी वाचत होतो. सरांच्या हस्तलिखितात सातव्या प्रश्नात घातांकाआधी वजा होता, प्रूफवर नव्हता. चित्र लहान एक्सपोर्ट झालं होतं, बारीक रेघ छापताना उडाली होती. मी कागद उजेडात धरून पुन्हा पाहिला. आणि लाल पेनानं खाली ‘ठीक’ लिहिलं.

परीक्षा झाली आणि सर तणतणत आले. “सातव्यात वजाच नाय, चारही पर्यायांत उत्तर नाय! पालक मला धरायलेत!”

मालक माझ्याकडं वळले. “प्रूफ तुम्ही वाचलं ना?”

“वाचलं. वजा होता त्यात.”

“म्हणजे नंतर हिनंच काहीतरी केलं. फुकटचं सॉफ्टवेअर, दुसरं काय!”

ती मला म्हणाली, “दादा, ते प्रूफ दाखवा ना.”

“टाकलं,” मी म्हणालो. ते माझ्या खिशात होतं.

मालकांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं दोन्ही बाटल्या रिकाम्याच पिशवीत टाकल्या.

सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर राहिलं. महिनाभरात मी ते शिकलो. खरंच लई सोपं होतं. आज गणिताची पुस्तकं त्यावरच लावतो, लोक कौतुक करतात. एक्सपोर्ट करताना चित्राचा आकार मोठा ठेवतो आणि छापून आलं की एकेका वजावर बोट ठेवून बघतो.

ते प्रूफ कपाटात आहे. फुलंब्री एसटीनं तासाभराचासुद्धा रस्ता नाही. इतक्या वर्षांत मी गेलो नाही.