टाचा टेकव, आक्का

आक्काला मी शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते, छातीत कफ भरत चालला होता आणि नर्सबाईंनी तिला तीन उशांना टेकवून बसवलं होतं. मला बघून म्हणाली, "तम्मा, आता तरी ताठ दिसते का रे?" तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. आम्ही मूळचे कन्नड मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीचे, त्यामुळे सदुसष्टाव्या वर्षीही मी तिचा तम्माच होतो. मी हसलो. "लई ताठ," म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी दूध तापवत होतो, तेव्हा रात्री दवाखान्यात थांबलेल्या माझ्या मुलाचा फोन आला. आक्का गेली होती. याला दीड महिना झाला, पण माझं ते हसणं काही डोक्यातून जात नाही.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला आणि ती माघारी आली, ती आमच्याकडेच राहिली. भवानी पेठेतल्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. दिवसभर मशीनवर वाकायचं आणि घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. दूध आलं की माझ्या पेल्यात. स्वतः कोरा चहा घ्यायची, वर "मला दूद पचत न्हाय" म्हणायची, आणि मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं. पुढं सुनंदाशी माझं लग्न झालं, तरी स्वयंपाकघर आक्काचंच राहिलं.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. दर जूनमध्ये पोरांची उंची मोजून रजिस्टरात लिहायचं काम माझं. पोरं महा बिलंदर, उंच दिसायला हळूच टाचा उचलायची. मी ओरडायचो, "टाचा टेकव!" एवढी वर्षं ओरडलो की अजूनही बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ मला बघून टाचा टेकवतो आणि हसतो.

आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या चाळणीसाठी भिंतीत एक खिळा आहे. निवृत्तीच्या सुमाराची गोष्ट. चाळण काढायला आक्का चवड्यांवर उभी राहिलेली दिसली. मी दारातूनच म्हणालो, "टाचा टेकव आक्का, चोरी नको!" तिनं हसत टाचा टेकवल्या. "मग खिळा खाली घे की." घेतला. तीनेक वर्षांनी पुन्हा तेच. "खिळा वर चढतोय, का तूच खाली चाललीस?" असं विचारून मी स्वतःच्या विनोदावर खूश झालो. आक्का हसली नाही. "तूच बघ की. उंची मोजणारा तू," एवढंच म्हणाली. मी हातोडी आणली.

या दोन खिळ्यांच्या मधल्या काळात ती ओल्या फरशीवर पडली होती. पडली म्हणजे काय, बसकण मारावी तशी बसली. तेवढ्यानं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितलं, चिठ्ठीही दिली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. हात जुळला, मग तपासणी कसली? वय झालं की हाडं कुरकुरायचीच! पस्तीस वर्षं पोरांना शरीराबद्दल शिकवणारा माणूस मी, मला कोण शहाणपण शिकवणार...

मग तिची पाठ वाकायला लागली. सुनंदाच्या भाचीच्या लग्नात भर मांडवात मी शिट्टी वाजवल्यासारखा ओरडलो, "आक्का, खांदे मागे!" चार बायका हसल्या. आक्का पदर ओढून मागच्या खुर्चीत जाऊन बसली, ती अक्षता टाकायलाही पुढं आली नाही. तरी माझी खोड जाईना. रोज सकाळी तिला गच्चीवर न्यायला लागलो. वाकायचं, पायाचे अंगठे धरायचे, दहा वेळा. बिचारी करायची. एकदा अर्ध्यातच थांबली, कपाळाला घाम. "तम्मा, पाठीत काय तरी कट् झालं रे." मी म्हणालो, "गंज निघतोय. अजून चार."

यंदा न्हाणीघरात पडली आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी पाठीचाही फोटो काढला. दोन मणके जुनेच दबलेले होते. "यांची पूर्वीची उंची किती?" त्यांनी विचारलं. साऱ्या शाळेची उंची मला तोंडपाठ, आक्काची मात्र कधी मोजलीच नव्हती. मग ते म्हणाले, "पुढं वाकायचे व्यायाम नाही ना कधी करून घेतले? हाडं ठिसूळ झाल्यावर मणके त्यानं दबतात." सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, या वयात, त्या माणसासमोर म्हणालो, "नाही."

पलंगावरून आक्काचा आवाज आला, "न्हाय ओ डॉक्टर, मी कुटं व्यायाम करतीय."

वेदनेनं कण्हत असताना तिनं माझी खोटी बाजू सावरली. पेल्यातल्या दुधासारखीच हीही गोष्ट तिनं मला देऊन टाकली. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं आणि आजही वाटतं. मनगट मोडलं तेव्हाच तपासणी केली असती, तर औषधं होती, कॅल्शियम होतं, रोजचं चालणं होतं, पाठीला बळ देणारे, न वाकण्याचे व्यायाम होते, न्हाणीघरात धरायला एक दांडी लावता आली असती. सगळं टळलं असतं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पण सांभाळता आलं असतं, असं म्हणाले.

तेरावं झाल्यावर मी ती चिठ्ठी ड्रॉवरमधून शोधून काढली आणि आधी सुनंदाला त्याच तपासणीला नेलं. परवा सुनंदा म्हणाली, "चाळण फार खाली झालीय हो, खिळा वर घ्या." हातोडी घेतली, सवयीनं मोजपट्टीही घेतली. भिंतीत वर दोन रिकामी भोकं आणि खाली खिळा. सगळ्यात वरच्या भोकापासून खिळ्यापर्यंत पट्टी धरली. साडेतीन इंच. जून महिन्यात एखाद्या पोराची उंची अर्धा इंच जरी चुकली तरी मी रजिस्टरचं पान फाडत होतो. आक्काची उंची घटताना मी दोनदा मोजली, स्वतःच्या हातानं, हातोडीनं, आणि दोन्ही वेळा तिलाच दटावलं.

खिळा आहे तिथंच ठेवलाय. पीठ आता मीच चाळतो. चाळण काढताना माझ्या टाचा टेकलेल्याच असतात.