गुळाच्या कागदाची पोथी

गुळाचा वास आला की मला बंदी घातलेलं वर्तमानपत्र आठवतं. निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी आमच्या सेनगावात तसलं मराठी वर्तमानपत्र सापडलं की सरळ तुरुंग. ते सरहद्दीपलीकडून, वाशीमच्या बाजारातून, गुळाच्या ढेपेला गुंडाळून यायचं. वर्षभर मी दुसरं काही वाचलंच नाही. तो चिकट कागद पोथीच्या पानांत ठेवून दुपारी आईला आणि शेजारणींना पोथीच्याच चालीत बातम्या ऐकवायचो. एकदा पोलिसांचा जमादार थेट ओसरीवर आला. "क्या पढ रहे?" भीतीनं माझी नजर बातमीवरून घसरली आणि मी केशतेलाची जाहिरात ओवीच्या सुरात आळवू लागलो. बायांनी भक्तिभावानं हात जोडले. जमादारही ऐकत उभा राहिला. आई म्हणाली, "सायबाला परसाद दे." मी शहाण्यानं हाताशी आला तो कागद टरकावला, त्यात गूळ बांधला आणि दिला. तो गेल्यावर आईनं उरलेलं पान पाहिलं; केशतेलाच्या बाटलीचं चित्र तसंच होतं, शेजारचा मजकूर गेला होता. "लेका, बातमीच देऊन टाकलीस की त्याला!" मी घाईनं पोथी बांधायला घेतली. "काहून बांधून राहिलास? त्यानं कागद वाचून घेतला तर तो येणारच हाय. तवर उरलेलं वाच. मोठ्यानं वाच!" मी मोठ्यानं वाचलं. गूळ खाऊन त्यानं कागद कुठं टाकला देव जाणे, तो काही परतला नाही. आता सून म्हणते, "मामंजी, पेपर मनात वाचा ना." न्हाई वाचत.