लग्नातला फोटो

माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या काकांइतक्या हक्काने दुसऱ्याच्या कामावर चिडणारा माणूस पावण्याच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत सापडला नसता. ते मूळचे इथलेच. वडिलांची भातखाचरं होती त्याच जागेवर बसून विजेच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायचं काम, करत. कुणी स्क्रू तिरका पिळला तर चिडत, टपरीवाल्याने चहा जास्त उकळला तर चिडत, आणि समोरच्या कारखान्यातला पंखा कुरकुरला की रस्ता ओलांडून परक्या माणसाला झापून येत, "तेल घाल त्याला! ओरडतंय ते, आयकू येत नाय?" पंखा त्यांचा कोणी लागत नव्हता.

माझी पहिलीवहिली ऑर्डर एपीएमसी मार्केटमधल्या एका केळीवाल्याची. केळी पिकवायच्या खोलीत सेन्सर तापमान मोजणार, वायरीवरून आकडा मी बनवलेल्या कंट्रोलरच्या डब्याला कळवणार आणि डबा गारवा कमीजास्त करणार. आकडा चुकला तर खोलीभर केळी काळी, आणि माझा धंदा सुरू होण्याआधीच बंद. गाळ्यात सेन्सर गार पेटीत ठेवून केलेल्या चाचणीत सतरा, सतरा असं येता येता मधेच एकशे नव्वद यायचे, नाहीतर नुसतीच अगम्य चिन्हं. तीन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, की काका मोटार चालवून बघतात तेव्हाच हे होतं. मी तावातावाने गेले. "काका, तुमची मोटार बंद ठेवा."

"आनि मार्केटातल्या मोटारी कोन बंद करनार? तुजा बापूस?"

अपमान गिळून मी सोपा उपाय केला. वेडावाकडा आकडा आला की टाकून द्यायचा आणि आधीचा चांगला दाखवत राहायचा, असं प्रोग्रॅममध्येच लिहिलं. पडद्यावर सतरा कसं छान स्थिर झालं! डबा न्यायला टेम्पो दारात आला तेवढ्यात काका डोकावले, आणि कौतुक होईल या आशेने मी त्यांना सगळं सांगून बसले. त्यांनी डब्यावर हात ठेवला तो उचलेनात. "मानूस आजारी हाय, घरचे इचारतान कसा हाय, तर तू त्याचा लग्नातला फोटो दाखवनार?"

टेम्पो रिकामा गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सेन्सर कशाशी खातात हे ठाऊक नसलेला माणूस माझी ऑर्डर अडवतो म्हणजे काय! काका मात्र शांतपणे मोटार चालू-बंद करत वायरीवरून बोट फिरवत होते. सेन्सरला एक अडॅप्टर, डब्याला दुसरा, मधे आकड्याची एकच वायर.

"ही काली वायर का तोरली?"

"जादा होती. दोघांना आपापली वीज आहे ना."

"म्हंजे बोलनारा एका होरीत, आयकनारा दुसऱ्या होरीत. दोगंबी पान्यावर हलतान. बांद की एकमेकांना!"

दोन्हीकडचा ग्राउंड, म्हणजे वीज जिथून मोजायची तो शून्य, एकच हवा, हा कॉलेजातला पहिला धडा. ती काळी वायर म्हणजे तोच ग्राउंड, आणि नीटनेटकं दिसावं म्हणून ती मीच छाटली होती. जोडली. काकांची मोटार धडधडत राहिली आणि सतरा जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी डबा गेला; केळी पिवळीधमक पिकली.

पुढे काकांचे गुडघे गेले आणि मुलांनी गाळा बंद करायला लावला. तिथे आता कुरियरचं गोदाम आहे, आवाज म्हणून नाही. एक जुनी मोटार ते माझ्याकडे ठेवून गेलेत. ती शेजारी चालवून पाहिल्याशिवाय मी एकही डबा पाठवत नाही. दर रविवारी फोन करते. "कसे आहात?" "बरा हाय." दर वेळी तेच, त्याच आवाजात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, लग्नातला फोटो नको."

मग म्हणाले, "जिना उतरवत नाय गो पोरी. चार म्हयने खाली गेलो नाय."

चार महिने! मी त्यांच्यावर अशी चिडले, की गोदामातली माणसं दारात येऊन बघायला लागली, आणि चिडता चिडता मला रडू आलं.