आवाज काढलेला व्हिडिओ

सोनोग्राफीच्या जेलची बाटली मॅडम आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायच्या. पेशंट भुलीखाली असला तरी. कुणी हसलंच तर म्हणायच्या, "त्याला कळत नाही, मला कळतं ना."

वारज्यातल्या आमच्या हॉस्पिटलात त्या सोनोग्राफीच्या डॉक्टर होत्या आणि मी ऑपरेशन थिएटरातला टेक्निशियन. त्यांच्या मशीनचा पडदा तुम्ही पाहिलात तर नुसता करडा धुरळा वाटेल. मलाही वाटायचा. मॅडमनी मला तो वाचायला शिकवला. "हा दोरीसारखा दिसतोय ना, तो मज्जातंतू. नीट बघून ठेव."

आमच्या हाडांच्या सर्जनकडे खांदा वारंवार निखळणारे पेशंट येत. सर दुर्बीण आत घालून फाटलेला भाग शिवायचे. त्याच्या जरा खालून हात उचलणारा मज्जातंतू जातो, पण तो दुर्बिणीतून दिसत नाही. तो मी सोनोग्राफीवर बाहेरून दाखवते, असं मॅडमनीच सुचवलं. सर आधी नको म्हणाले, मग कुरकुरत तयार झाले.

खडकवासल्याची एक कबड्डी खेळणारी मुलगी टेबलावर होती. सरांनी सुई आत सरकवली तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. आधी दिसू दे."

सर वैतागून थांबले. मॅडमनी खांद्यावर टेकवलेला सोनोग्राफीचा प्रोब किंचित तिरका केला. मज्जातंतू सुईला जवळजवळ खेटून होता.

"पाव इंच वर घ्या."

सरांनी घेतली. ती मुलगी पुढे पुन्हा खेळायला लागली. हे सगळं मी मोबाइलवर टिपलं होतं.

काही महिन्यांनी सरांचं एका परिषदेत व्याख्यान ठरलं. त्यांनी तो व्हिडिओ मागितला आणि आवाज काढून टाक म्हणाले, बोलताना मध्ये येतो. मी काढला. का काढायचा, ते मला तेव्हाच कळलं होतं.

मॅडम श्रोत्यांत बसल्या होत्या. ही पद्धत मी बसवली, असं सर म्हणाले. पडद्यावर मॅडमचा हातमोज्यातला हात तेवढा दिसत होता. टाळ्या झाल्या. मॅडमनीही वाजवल्या.

बाहेर चहाच्या टेबलापाशी त्यांनी मला गाठलं.

"आवाज कोणी काढला?"

"सरांनी सांगितलं होतं, मॅडम."

"कोणी सांगितलं ते नाही विचारलं."

मी चहा घ्यायला वळलो.

सरांशी त्या भांडल्या नाहीत. राजीनामा दिला आणि नोटिशीचा महिना चोख काम करून संपवला. शेवटच्या ऑपरेशनच्या वेळी मी सवयीने पडदा बघायला त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. चार वर्षं मला अरे-तुरे करणाऱ्या मॅडम मान न वळवता म्हणाल्या, "आपण जरा बाजूला होता का?"

मी झालो.