रुकय्याचा डफ

आधीच सांगते, आम्ही बौद्ध. उतारे, अंगात येणं, लिंबू-मिरची... माझ्या सासऱ्यांनी हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं आणि मीही कधी आत घेतलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण झालं ते झालं.

आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो, गुंफेच्या बाजूला. शेजारी हमीदा खाला, मूळच्या रत्नागिरीकडच्या. माझ्या मुलीची मैत्रीण सना पीएचडी करते, इस्लाम आणि गाणं-नाच-नाटक यावर. म्हणजे गाणं चालतं असं कोण म्हणतं, नाही असं कोण म्हणतं, आणि लग्नघरात बायका खरंच काय गात आल्या. खालांना हळदीची जुनी गाणी येतात म्हणून मीच तिला घेऊन गेले. ऑगस्टमधली दुपार. दुसऱ्या दिवशी खालांच्या घशाचं ऑपरेशन, आणि आवाज राहील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. गाणी मिळायची तर आजच!

सनाने विचारलं, "खाला, तुमच्या गाण्याला घरात कोणी हरकत नाही घेतली?"

"घेतली ना! सासूने. बेसूर गायले की लगेच."

पण डफाशिवाय गायला तयार नाहीत. भिंतीवरचा डफ काढून मी थाप मारली — थप्प! ओला पुठ्ठाच. दमट हवेने कातडं सैल पडलेलं. ते निखाऱ्यावर शेकावं लागतं म्हणे. मी गॅसकडे निघाले तर ओरडल्या, "करपवशील गो! ते रुकय्याचं काम होतं."

रुकय्या त्यांची जाऊ. ती डफ शेकायची, या गायच्या. ती वारली आणि गाणंही थांबलं.

सनाचं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, चहा तरी घेऊ. डफ पलंगावर, शेजारी तिचा रेकॉर्डर चालूच, आणि आम्ही तिघी स्वयंपाकघरात. घरात चौथं कोणी नाही.

मी कप घेऊन बाहेर आले, डफ बाजूला करायला गेले... आणि हात मागेच घेतला. गरम! तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा. कातडं ताठ. थाप मारली तर खणखणीत वाजला.

"तू शेकलास?" खाला म्हणाल्या.

"मी कशाला? सना, तू?"

"काकू, मी तुमच्या शेजारीच आलं किसत होते ना!"

खालांनी डफ गालाला लावला. मग गायला लागल्या — एकामागून एक, डफ थंड होईपर्यंत.

मी काही सोडलं नाही हो. पलंगाखाली वाकून पाहिलं. खिडकी बंद, बाहेर आभाळ भरलेलं, उन्हाचा प्रश्नच नाही. रेकॉर्डरवर नुसता पंखा आणि आतून आमच्या गप्पा. डफ पुन्हा तसाच ठेवून परत चहा करून बघितला. कातडं थंडच!

ऑपरेशन झालं. खाला आता कुजबुजल्यासारखं बोलतात. सनाने रेकॉर्डिंग लावलं तेव्हा डोळे मिटून ऐकत होत्या. मी विचारलंच, "खरं सांगा, कोणी शेकला?"

"तिला नेहमीच उशीर व्हायचा," एवढंच म्हणाल्या.

मला काही हे पटत नाही. दुसरं कारणही सापडत नाही. त्यांच्याकडे गेले की भिंतीवरच्या डफावर तळवा ठेवून बघते... अजून तरी थंड.