इवायांचं लाल निशाण

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर माझ्या इवायांइतका हळू बोलणारा माणूस सापडणार नाही, असं एकच माणूस म्हणतो, आणि ते म्हणजे खुद्द माझे इवाई. इवाई म्हणजे व्याही, लेकीचे सासरे. सारी नोकरी मंचेरियलकडच्या उघड्या कोळसा खाणीत सुरुंग उडवण्यात गेली. त्यात एक कान कायमचा गेला आणि दुसरा जाऊन-येऊन असतो. आता मावला गावी राहतात. त्यांचा फोन आला की मी तो खाटेवर ठेवतो आणि ओसरीत बसून ऐकतो. माझी बायको म्हणायची, "इवायांले फोनचा खर्च काऊन? मावल्याहून नुसती हाक मारली तरी इथं ऐकू येते." तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही.

खाण सुटली तरी सुरुंग काही यांच्या डोक्यातून निघाला नाही. सुनेनं, म्हणजे माझ्या लेकीनं, कुकर चढवला की हे सगळ्यांना घराबाहेर काढतात आणि शिटी झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. खाणीतलं एक लाल निशाण स्कूटरच्या डिक्कीत कायम असतं. पोरांच्या लग्नात ते जिलबीच्या कढईजवळ रोवून यांनी पंगत इतकी लांब बसवली, की वाढप्यांच्या पायांचे तुकडे पडले. आणि भिडस्त असे, की पाव्हणे म्हणून गेले तरी पाणी मागत नाहीत. निशाण मात्र न विचारता कुठंही रोवतात.

बायको गेल्यावर मी खाट सोडली नव्हती. लोक येत, डोळे पुसत, चहा पिऊन जात. इवाई आले ते समजूत-बिमजूत काही नाही. म्हणाले, "उठा इवाई, नदीवर काम हाये." वाळूत कासवीण अंडी घालून गेली होती. साधी नाही, मऊ पाठीची. जंगलखात्याची एक पोरगी त्यांना सांगून गेली होती, की ही जात आपल्याकडच्या नद्यांतलीच, पण आता दिसेनाशी झाली. पाठ चामड्यासारखी, नाक नळीसारखं. तेवढंच नाक पाण्यावर काढून श्वास घेते, आणि हात लावला तर मान वळवून बोट तोडते. काही लोकांनी खाल्ली, आणि वाळूसोबत अंडीही ट्रॅक्टरमध्ये जातात. इवायांनी त्या जागेवर कोंबड्या झाकायचं डालं उपडं घातलं, वर दगड ठेवला आणि बाजूला निशाण रोवलं.

मी चिडलो. "इवाई, इथं माणसं मरून राह्यली अन् तुमी अंडी राखता?"

"भाकर? आणली ना!" म्हणून त्यांनी फडकं सोडलं. कांद्यासकट.

मग रोजचंच झालं. मी सावलीला, इवाई उन्हात. कुत्रं आलं की ओरडायचे, मुंगूस आलं की ओरडायचे, आणि मला सांगायचे, "हळू बोला, पिल्लं घाबरतात."

उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि वाळूवाले आले. पहिला ट्रॅक्टरवाला नेमका खाणीकडचाच निघाला. तिकडे लाल निशाण दिसलं की माणूस कारण विचारत नाही, मागे फिरतो. त्यानं करकचून ब्रेक मारला आणि लांबूनच विचारलं, "साब, कब फूटेगा?"

"अभी टाइम है!" इवाई म्हणाले.

"कितना भरा है?"

"पूरा गड्ढा भरा है! मैं कब से बैठा हूँ!"

ट्रॅक्टर आला तसाच उलटा पळाला. इवाई माझ्याकडे वळून म्हणाले, "भला माणूस. अंड्याची केवढी चौकशी केली!" मला हसू फुटलं. बायको गेल्यावर पहिल्यांदा. मग माझी मलाच लाज वाटली.

पण गोष्ट फुटलीच. थोड्या दिवसांनी तो ट्रॅक्टरवाला पोरगा तणतणत परत आला. "कछुए के वास्ते मेरे को भगाया?" त्यानं डालं फेकलं, वाळूत हात घातला आणि एक अंडं उचललं. इवाई असे ओरडले, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

"जैसा है वैसा पकड़! पलटा तो अंदर बच्चा मर जाएगा!"

पोरगा जागच्या जागी थिजला. तळहातावर ते गोल पांढरं अंडं. "चाचा, अब क्या करूँ?" तो मलाच विचारू लागला. मी त्याचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून अंडं होतं तसं खड्ड्यात ठेवलं. त्यानंच वाळू ओढली, त्यानंच डालं आणलं. तेव्हापासून तो लांबच्या उताराची वाळू नेऊ लागला, आणि जाता-जाता रोज ओरडायचा, "फूटा क्या?"

पावसाचे ढग दिसू लागले होते. एका सकाळी डाल्याखालची वाळू खचली आणि पेढ्याएवढी पिल्लं वर आली. प्रत्येकाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके. इवायांनी डालं उचललं. पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे निघाली. दोन तिथंच राहिली, हलली नाहीत. बाकीची एकामागून एक पाण्यात गेली. एकानंही मागं पाहिलं नाही.

इवायांनी निशाण उपटून घडी घातली. मी धोतर झटकून उठलो आणि बोलून गेलो, "चला, घरी जाऊन सांगतो."

सांगणार कोणाला? मी तसाच उभा राहिलो.

इवायांना ते ऐकू गेलं. त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं आणि बरा कान माझ्याकडे केला. "मले सांगा."

"तुमी त होते इथंच. पाह्यलं ना सारं."

"असू द्या. सांगा."

मी सांगू लागलो. सकाळी वाळू कशी खचली, पहिलं नाक कोणतं दिसलं, तिथपासून. एकानंही मागं पाहिलं नाही, इथवर आलो आणि थांबलो. इवाई नदीकडे पाहत होते.

"मंग?" ते म्हणाले.