आजोबांचा गुडघा

माझे बाबा नागपुरात वारले तेव्हा मी इथे, बॉस्टनजवळच्या घरात होते. व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं. गेले असते तर परत येऊ दिलं असतं की नाही, कोण जाणे. अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. धुतलेली भांडी पुन्हा धुते, चालू मीटिंगमधून उठते. लेकीला मात्र एका वाक्यात गुंडाळलं: आजोबा देवाघरी गेले. तिने पुढे काहीच विचारलं नाही आणि मला त्याचाच घोर लागला.

शनिवारी लायब्ररीत मिकमॅक जमातीतल्या एक आजी मुलांना आपल्या लोकांच्या गोष्टी सांगतात. मिकमॅक या खंडातले मूळचे, आम्ही सगळे मागाहून आलेले. त्या दिवशी आकाशगंगेची गोष्ट होती. ती म्हणे गेलेल्या माणसांची वाट. तिच्यावरून ती चालत जातात. एवढं सांगून आजी गप्प बसल्या. मुलंही गप्प. चुळबुळ फक्त माझी. आमच्या शाळेत तात्पर्य लिहिल्याशिवाय गोष्ट संपतच नसे. न राहवून मी विचारलंच, "यातून मुलांनी काय घ्यायचं?"

"घेतील ती," आजी हसून म्हणाल्या. "घाई काय आहे?"

मला रागच आला. परतताना गाडीत मी लेकीला छेडलं, "मग? काय शिकलीस?"

"शी डिडन्ट से," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सिग्नल लागला. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले.

"आई, आजोबांचा गुडघा दुखायचा ना? हाऊ विल ही वॉक?"

देवाघर म्हटलं की गुडघ्याचा प्रश्न येत नाही. वाट म्हटली की येतो. बाबा इथे आले होते तेव्हा रोज तिला घेऊन तळ्याकाठी फिरायला जायचे आणि दिसेल त्या बाकावर बसायचे. दोघं परत येईपर्यंत जेवण गार व्हायचं आणि मी चिडायचे.

"हळूहळू," मी म्हटलं. "बसत बसत."

तिने जरा विचार केला. मग आजोबांशी बोलायची तशी मराठीत म्हणाली, "मग अजून पोचले नसतील."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न मारला. मारू दे. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच रडत होते.